कुठनं शिकू एचटीएमएल?

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच विषयाचे निघाले, त्यामुळं हा महिना एचटीएमएललाच, म्हणजे वेबसाईटची पानं ज्या भाषेत लिहितात तिलाच, देऊन टाकतो. प्रिंटर अडकणारे आणि मोबाईल गरम होणारे, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातली, बीसीए पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पीयूसीला कॉमर्स. कॉलेजात एचटीएमएल आहे पण प्रॅक्टिकलला एका कॉम्प्युटरवर तिघी बसतो आणि माऊस जिच्या हातात तिलाच येतं. घरी लॅपटॉप नाही, मोबाईल आहे. यूट्यूबवर चाळीसेक व्हिडिओ सेव्ह केलेत, एक बघायला घेतला की खाली त्याच्यापेक्षा चांगला दिसतो, असं करत दोन महिने गेले आणि अजून माझं स्वतःचं एक पान नाही. इंग्रजी वाचायला वेळ लागतो. नेमकं कुठनं शिकू?

उत्तर : तुझं पत्र वाचून हसू आलं, तुला नाही, मला स्वतःलाच. २००१ साली मी शहापुरात डीटीपीचं काम करायचो आणि रात्री सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून वेबसाईट शिकवणारी पानं फ्लॉपीवर भरून घ्यायचो, घरी कॉम्प्युटर नसताना! अकरा फ्लॉप्या जमल्या, पान एकही झालं नाही. तुझे चाळीस व्हिडिओ म्हणजे माझ्या अकरा फ्लॉप्याच की. तेव्हा पहिलं काम हे कर, ती यादी पुसून टाक, जीवावर येईल पण पुसून टाक.

आता दोनच गोष्टी ठेव. एक हात धरून चालवणारी आणि दुसरी अडलं की उघडून बघायची.

हात धरून चालवायला फ्रीकोडकॅम्प ही वेबसाईट घे. २०१४ पासून आहे, देणग्यांवर चालतं, शिकायला पैसे लागत नाहीत. त्यात सुरुवातीच्या धड्यांत मांजरांच्या फोटोंचं एक पान बनवायला लावतात, एका वेळी एकच ओळ सांगतात, ती तू लिहायची, बरोबर असेल तरच पुढं सोडतात, चुकलं तर कुठं चुकलं ते सांगतात. व्हिडिओत नेमकं हेच होत नाही, व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि कोरं पान समोर आलं की हात चालत नाही. मोबाईलच्या स्क्रीनवर जरा दाटीवाटी होते खरी, पण आडवा धरून चालतंय.

अडलं की बघायला दोन जागा आहेत आणि दोन्हींचं नाव तू ऐकलं असशील. एमडीएन म्हणजे फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं, २००५ पासूनचं, एकेका टॅगबद्दल (टॅग म्हणजे हा मथळा, ही लिंक असं ब्राउझरला सांगणारी कंसातली खूण) सगळं खोलात सांगणारं, पण इंग्रजी थोडं जड आणि मराठीत नाही. दुसरं डब्ल्यूथ्रीस्कूल्स, १९९८ पासूनचं, नॉर्वेतल्या एका कंपनीचं. नावामुळं पुष्कळ जण (आमच्या वेळचे सरसुद्धा) त्याला वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचं समजतात, त्यांचा काही संबंध नाही. पूर्वी त्यात चुका असायच्या आणि जाणकार लोक नाकं मुरडायचे, आता बरंच सुधारलंय. वाक्यं लहान असतात आणि प्रत्येक उदाहरणाखाली बटन असतं ते दाबलं की तिथंच बदल करून बघता येतं. तुझ्या इंग्रजीचा विचार केला तर आधी हेच उघड, त्यात 'असं का' याचं उत्तर मिळालं नाही की मग एमडीएन.

मराठीत ऐकायचंच असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, दहा-दहा मिनिटांचे धडे, फुकट, भाषांच्या यादीत मराठी पण आहे आणि कन्नड पण. प्रत्येक विषय प्रत्येक भाषेत असतोच असं नाही, यादी बघून घे. पण खरं सांगू का, एचटीएमएलच्या इंग्रजीला एवढं घाबरायचं कारण नाही. टॅग म्हणजे इंग्रजी शब्दांची नुसती पहिली अक्षरं. पी म्हणजे पॅराग्राफ, ए म्हणजे अँकर म्हणजे लिंक, यूएल म्हणजे बिननंबरची यादी, ओएल नंबरची, एलआय म्हणजे यादीतली एक ओळ, टीआर टेबलची आडवी ओळ, टीडी त्यातला खण, बीआर म्हणजे ओळ मोडणं, एच वन ते एच सिक्स ही सहा आकाराची मथळ्यांची टोपणनावं. टिम बर्नर्स-ली नावाच्या माणसानं स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत बसून हे सगळं काढलं तेव्हा, १९९१ साली, पहिल्या यादीत टॅग होते फक्त १८. आज शंभराच्या वर आहेत पण रोज हाताखाली लागणारे वीस-पंचवीसच, आणि पीयूसीला कॉमर्सवाल्यांनी जर्नल एन्ट्रीचे नियम पाठ केलेत म्हटल्यावर हे काय घेऊन बसलीस.

मोबाईलवर लिहायला अकोड नावाचं ॲप घे, त्यात लिहून तिथंच पान बघता येतं. टॅग ज्या कंसात लिहितो, गणितातली लहान-मोठ्याची चिन्हं, ती कीबोर्डवर सापडत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी पोरं सोडून देतात. आकड्यांच्या पानावर जा आणि तिथनं अजून एका चिन्हांच्या पानावर, तिथं आहेत. आणि एक गोष्ट लिहून ठेव, नोट्सच्या पीडीएफमधनं किंवा व्हॉट्सॲपवरनं कोड कॉपी करू नकोस. त्यातली अवतरणचिन्हं वळणदार होऊन आलेली असतात, डोळ्याला सुंदर दिसतात पण ब्राउझरला ती कळत नाहीत, त्याला सरळ उभीच लागतात. फोटो येत नाही, लिंक उघडत नाही आणि आपण तासभर स्पेलिंग तपासत बसतो.

टॅग उघडायचे-मिटायचे कसे हे जुन्या घरावरनं लक्षात ठेव. बाहेरचं दार उघडून सोप्यात आलीस, मग माजघराचं दार उघडून आत गेलीस. बाहेर पडताना आधी माजघर लावणार, मग बाहेरचं. शेवटी उघडलं ते आधी बंद. हे चुकलं तरी ब्राउझर ओरडत नाही, तो बिचारा अंदाजानं काहीतरी दाखवतो, आणि नवशिक्याला नेमकं हेच घातक, कारण पान दिसतंय म्हणजे बरोबर आहे असं वाटत राहतं. म्हणून डब्ल्यूथ्रीसीचा व्हॅलिडेटर वापर, आपलं पान त्यात चिकटवायचं, कुठल्या ओळीत काय चुकलं ते सांगतो, फुकट. पहिल्यांदा लालेलाल येईल, घाबरू नकोस, वरची एक चूक दुरुस्त केली की खालच्या दहा बऱ्याचदा आपोआप जातात.

आणि मांजरांचं पान झालं की लगेच स्वतःचं घे. माझं ऐकशील तर तुझ्या गावाला येणाऱ्या बसचं टाईमटेबल कर. वर एच वनमध्ये गावाचं नाव, खाली दोन ओळीचा पॅराग्राफ, मग टेबल, गाडी कुठनं सुटते, किती वाजता, कुठल्या फाट्यावर थांबते, रविवारी असते की नाही. पहिली आडवी ओळ टीएचनं कर, म्हणजे ती मथळ्याची ओळ आहे हे कळतं. शेवटी नंबरची यादी करून लिही की शेवटची गाडी चुकली तर काय काय करता येतं, हा भाग लिहायला तुला कुणी शिकवायची गरज नाही. या एका पानात निम्मं एचटीएमएल येऊन जातं आणि गावातली चार माणसं तरी ते उघडून बघतील, मांजरं कोण बघतंय.

पान जगाला दाखवायला गिटहब पेजेस आहे, फुकट. फाईलचं नाव इंडेक्स ठेवायचं, सगळी अक्षरं लहान लिपीत. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं पान केलं, घरच्या कॉम्प्युटरवर फोटो झकास, नेटवर टाकलं की फोटोच्या जागी मोडका चौकोन. मला घेऊन दाखवायला आला. बघतो तर फोटोचा पत्ता म्हणून त्याच्या सी ड्राइव्हचा सगळा रस्ता लिहिलेला, आता त्याच्या घरातला सी ड्राइव्ह लोकांना कुठनं दिसणार? फोटो पानाच्या शेजारी ठेवून नुसतं नाव लिहायला लावलं, तरी येईना. तर फोटोच्या नावात शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये आणि पानात स्मॉलमध्ये. विंडोजला त्यानं फरक पडत नाही, तिकडच्या सर्व्हरला पडतो. दोन चुकांत संध्याकाळ गेली, पण त्या पोराला ते आता जन्मात विसरायचं नाही.

प्रश्न : मी बेळगावात डीटीपी करतो, वीस वर्षं झाली. आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळासाठी एक पान करायला घेतलंय, मराठी आणि कन्नड दोन्हीत. मॅटर जुन्या फाईलींतनं कॉपी केलं तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येऊलेत. हातानं टाईप केलेल्या ठिकाणी एकदा नुसती प्रश्नचिन्हं आली. कुठल्या पुस्तकात याचं उत्तर मिळेल?

उत्तर : पुस्तकात शोधू नका, बहुतेक पुस्तकं इंग्रजीवाल्यांसाठी असतात, त्यांना हा त्रासच नाही. आपल्याच धंद्यातले आहात म्हणून सविस्तर सांगतो.

तुमच्या जुन्या फाईली श्रीलिपीच्या असणार, कन्नड असेल तर नुडी नाहीतर बरहाच्या. त्या काळच्या फॉन्टांची गंमत अशी की आत खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फॉन्टनं मराठीचा अंगरखा घातलेला. फॉन्ट गेला की अंगरखा गेला, खाली राहिली ती इंग्रजी. कॉपी-पेस्टमध्ये फॉन्ट येत नाही. तेव्हा आधी कन्व्हर्टरनं मॅटर युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांच्या अक्षरांना स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत) आणायचं आणि मग एकदा डोळ्यांनी वाचायचं, रफार आणि जोडाक्षरांत हमखास घाण होते, देणगीदारांच्या नावात झाली तर पुढच्या वर्षी वर्गणी बंद. नवीन मॅटर थेट इनस्क्रिप्टनं किंवा मोबाईलच्या मराठी कीबोर्डनं टाईप करा, ते युनिकोडच असतं.

प्रश्नचिन्हं आली ती दुसऱ्या कारणानं. जुन्या विंडोजचं नोटपॅड फाईल आन्सी नावाच्या जुन्या पद्धतीत सेव्ह करायचं, त्यात देवनागरीला जागाच नाही, मग प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि ते मॅटर गेलं ते गेलंच, परत येत नाही. सेव्ह करताना खाली एन्कोडिंग असतं तिथं यूटीएफ-८ निवडा, ती युनिकोड साठवायचीच पद्धत. २०१९ नंतरच्या विंडोज दहावर ते आपोआप असतं. त्याहून सोपं म्हणजे व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर टाकून घ्या, मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट. नोटपॅडमध्ये अजून एक पीडा, फाईलला एचटीएमएल नाव दिलं तरी ते कधीकधी मागं गुपचूप टीएक्सटी चिकटवतं आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं, मग पान उघडायच्या ऐवजी कोडच दिसतो.

एवढं झाल्यावर पानाच्या हेडमध्ये (पानाची माहिती लिहायचा सुरुवातीचा भाग), अगदी वर, मेटा टॅगमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ लिहायचं. वर म्हणजे खरंच वर, नियमच आहे की फाईलच्या पहिल्या १०२४ बाईटांच्या आत ते यायला पाहिजे. पुष्कळ जण आधी सतरा गोष्टी लिहून ते खाली ढकलतात.

आणि आपल्याकडच्या दोन भाषांच्या पानासाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जी शिकवणारे दोन वाक्यांत उरकतात, ती म्हणजे लँग. वर एचटीएमएल टॅगमध्येच लँग म्हणून मराठीची खूण एमआर लिहायची आणि जो भाग कन्नड आहे त्याच्या टॅगमध्ये केएन. दिसायला काही बदलल्यासारखं वाटत नाही म्हणून लोक सोडून देतात. पण अंध माणूस स्क्रीन रीडरनं पान ऐकत असेल तर कुठला मजकूर कुठल्या आवाजात वाचायचा ते यावरनं ठरतं. मराठीला तर एक खास फायदा आहे, काही देवनागरी फॉन्टांत 'ल' आणि 'श' दोन-दोन तऱ्हेचे असतात, एक हिंदी वळणाचा, एक आपला. लँग एमआर दिलं आणि फॉन्टात सोय असली की आपला श आणि आपला ल येतो. वीस वर्षं ब्रोमाईड काढलेल्या माणसाला या दोन अक्षरांत काय आहे ते सांगायला नको.

प्रश्न : मुलगा सेकंड पीयूसी झालाय, मार्केटजवळच्या एका क्लासवाल्यांनी वेब डिझाईनचा तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय, फी बारा हजार, सर्टिफिकेट देतात. मी शिवणकाम करते, मला यातलं काही कळत नाही. घालू का? — येळ्ळूर

उत्तर : ताई, क्लास वाईटच असतो असं नाही. घरी एकट्यानं शिकायला जमत नाही, चार पोरांत बसलं की हात चालतो अशी पुष्कळ मुलं असतात. पण पैसे भरायच्या आधी मुलाला बरोबर घेऊन जा आणि तिथल्या नोट्स मागून बघा, द्यायला कां-कूं करायला लागले तर तिथंच समजा. नोट्समध्ये फॉन्ट, सेंटर, मार्की, फ्रेमसेट असे टॅग शिकवलेले असतील, मार्की म्हणजे ती पळती अक्षरं, तर ते जुनं आहे. पहिली ओळ पण बघायला सांगा, आता तिथं डॉकटाईप एचटीएमएल एवढंच लिहितात, दोन ओळींचं लांबलचक काही असेल आणि त्यात ट्रान्झिशनल असा शब्द असेल तर तो १९९९ च्या एचटीएमएल चार पॉइंट शून्य एकच्या काळातला माल. एचटीएमएल फाईव्ह २०१४ ला पक्कं झालं आणि त्यात हे टॅग मोडीत काढले. ब्राउझर अजून पळती अक्षरं दाखवतात म्हणून काही क्लासवाल्यांचं फावतं.

मी स्वतः २००३ साली शहरातल्या एका क्लासला चार हजार भरून फ्रेम (एका खिडकीत वेगवेगळी पानं दाखवायची जुनी पद्धत) शिकलो, नाव आता कशाला, कोर्स संपेपर्यंत बाहेर लोक फ्रेम सोडून द्यायला लागले होते. सर्टिफिकेट अजून आहे, कपाटाच्या कप्प्यात खाली अंथरलंय.

शेवटी एवढंच विचारा, मुलानं लिहिलेलं रोज तपासतो कोण? सर स्वतः बसून चूक दाखवत असतील तर बारा हजारात तेवढ्याचेच पैसे आहेत असं समजा, बाकी सगळं वर खानापूरच्या मुलीला सांगितलंय ते फुकट आहे. महिनाभर तिच्यासारखं करू दे, टिकला तर मग क्लासचं बघा.

प्रश्न : एचटीएमएल शिकालोय, दोन महिने झाले. नोकरी लागेल काय? — निपाणी

उत्तर : नुसत्या एचटीएमएलवर नाही लागत. त्याच्यावर पानाला रंगरूप देणारं सीएसएस पाहिजे, मग पान हलतं-बोलतं करणारी जावास्क्रिप्ट, आणि या दोन्हींना एचटीएमएलपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. फ्रीकोडकॅम्पवरच पुढचं सगळं आहे, इंग्रजी बरं असेल तर ओडिन प्रोजेक्ट ही शिकवणारी वेबसाईट पण बघ, ते पण फुकट, पण तिथं कॉम्प्युटर पाहिजेच. मुलाखतीत एचटीएमएल ही प्रोग्रामिंगची भाषा आहे असं म्हणू नकोस, ती मार्कअप आहे, कुठला मजकूर मथळा, कुठला पॅरा, कुठली लिंक हे सांगण्यापुरती, यावर पोरं पहिल्याच प्रश्नाला अडकतात.

प्रश्न : मुलगी दिवसभर मोबाईल घेऊन बसते, विचारलं की वेबसाईट शिकते म्हणते. मला वाटतं रील बघते. कसं ओळखायचं? — चिकोडी

उत्तर : काका, भांडू नका. मोबाईलचं नेट बंद करा आणि मग तुझं पान दाखव म्हणा. एचटीएमएलची फाईल फोनमध्येच असते, ती उघडायला नेट लागत नाही, रीलला लागतं. पान उघडलं तर मथळ्यात तुमचं नाव घालायला सांगा, एका मिनिटात झालं पाहिजे. झालं तर नेटपॅक जरा मोठा मारून द्या, फ्रीकोडकॅम्पला लागतोय.